जुन्या गाडीला रिमोट लॉक: किटवर नको, कामावर कमवा



मंचरच्या आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतोच. एखादे काका पंधरा-वीस वर्षांची गाडी दारात लावतात, खाली उतरतात आणि मोबाईल माझ्यासमोर धरतात. "हे बघा, रिमोटचं किट ऑनलाइन अठराशेला आहे. बसवून द्यायचे किती घ्याल?" मी आकडा सांगतो. काकांचा चेहरा पडतो. "एवढे? अहो, चार वायरी तर जोडायच्यात."

दुसरीकडे माझ्या ट्रेनिंगला येणारी मुलं विचारतात, "सर, हे किट होलसेलला कुठं मिळतं? एका किटमागं किती सुटतात?"

काकांची आणि मुलांची चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की या धंद्यात किट विकलं जातं. माझं मत आज स्पष्टच सांगतो. जुन्या गाडीला किंवा मॉडिफाय केलेल्या जीपला रिमोट लॉक बसवणं हा छोट्या गावातला चांगला धंदा आहे, पण किटच्या मार्जिनवर तो करायला गेलात तर सहा महिन्यांत दमाल. आणि पैसे जातील ते जातील, एखाद्या दिवशी त्याहून मोठं काहीतरी जाईल. ते कसं, हे मी स्वतः भोगून शिकलोय. खाली सांगतो.

गिऱ्हाईक आहे कोण?

आपलं गाव पुणे-नाशिक हायवेवर. मार्केट यार्ड इथं, भीमाशंकरला जाणारा रस्ता इथून, शेजारी नारायणगाव, घोडेगाव. इथं लोक गाडी दर पाच वर्षांनी बदलत नाहीत. मारुती ८०० कंपनीनं २०१४ मध्ये बनवायची बंद केली, तरी आपल्याकडं ती अजून दूध घालायला जाते आणि लग्नालाही जाते. ओम्नी आहे, सुमो आहे, जुनी बोलेरो आहे. पंधरा वर्षं झाली की लोक आरटीओत जाऊन पासिंग करून घेतात आणि पुढची पाच वर्षं निवांत वापरतात.

माझ्याकडं येणारी गिऱ्हाइकं तीन प्रकारची आहेत. पहिला, रोजच्या वापराची जुनी गाडी असलेला. शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं 'टिक-टिक' ऐकून त्यालाही ते हवं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. दुसरा हौशी. आजोबांची जीप किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी त्यानं जीव लावून उभी केलेली असते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. रस्त्यावरची गाडी गेली की घरात ठेवलेल्या गाडीची माया आणखी वाढते.

तिसरा गिऱ्हाईक खास आपल्या भागातला. रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला शेतावर जाणारा. दोन्ही बाजूंना ऊस, आणि जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असतो हे कुणाला सांगायला नको. अशाच एका दादांनी मला सांगितलं, "मला शायनिंग नको रे. लांबून बटण दाबलं की इंडिकेटर लागले पाहिजेत आणि दार उघडं मिळालं पाहिजे. अंधारात चावी भोकात घालत उभं राहायचं नाही मला."

बघा, दादा किट मागत नव्हते. अंधारात दार नक्की उघडेल, ही खात्री मागत होते. ती खात्री खोक्यात येत नाही, ती आपण बसवतो.

एका वायरची गोष्ट

आता माझी चूक. दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या मारुती ८०० ला रिमोट लॉक बसवत होतो. संध्याकाळ झालेली, त्यांना घरी जायची घाई, मला पुढच्या गाडीची घाई.

या किटमध्ये एक सोय असते. खिशात चुकून बटण दाबलं गेलं आणि गाडी उघडली, तर गाडी उघडी राहू नये म्हणून युनिट थोडा वेळ वाट बघतं. आमच्या त्या किटमध्ये ३० सेकंद होते. तेवढ्यात कुठलंच दार उघडलं नाही, तर ते सगळी दारं परत लॉक करतं. पण दार उघडलं हे युनिटला कळणार कसं? त्यासाठी दाराच्या चौकटीतल्या छोट्या स्विचला एक वायर जोडायची असते. दार उघडल्यावर आतला दिवा ज्याच्यामुळं लागतो, तोच हा स्विच.

त्या ८०० चे स्विच गंजून गेले होते. आतला दिवा कित्येक वर्षं लागलाच नव्हता. नवे स्विच आणायचे, वायर ओढायची म्हणजे आणखी पाऊण तास. मी ती वायर टेप लावून आत खोचून दिली. रिमोट दाबला, टक-टक वाजलं. गिऱ्हाईक खूश, मी पण खूश.

पुढं मे महिन्यात, दुपारी, बाजारात ते भाजी घ्यायला थांबले. निघताना रिमोटनं गाडी उघडली, तीन वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर बसवलं, हातातला जुडगा तिच्या शेजारी टाकला, दार लावलं आणि पिशवी उचलायला मागं वळले. टक. चारही दारं बंद. युनिटच्या हिशोबानं दार उघडलंच नव्हतं! काचा वर, चावी आत, रिमोट आत, मुलगी आत. दुसरी चावी घरी, वीस-पंचवीस किलोमीटरवर.

त्यांनी मला फोन केला. मी गाडीवर टाकोटाक निघालो. पोचलो तेव्हा लोकांनी पुढची काच दगडानं फोडून मुलीला बाहेर काढलं होतं. ती घामानं भिजलेली, रडून लाल झालेली, पण सुखरूप. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

काच मी बसवून दिली, स्विच बदलले, वायर जोडली, पैसे घेतले नाहीत. पण खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. पाऊण तास वाचवायला मी काय पणाला लावलं होतं? आणि पाऊण तास का वाचवला, याचं उत्तर शोधलं तर ते रेटमध्ये सापडलं. मी फिटिंगचे ५०० रुपये घेत होतो. ५०० रुपयांत पाच तासांचं काम परवडत नाही, म्हणून हात आपोआप तीन तासांचं काम करतो. आपल्याला वाटतं स्वस्तात दिलं म्हणजे गिऱ्हाइकावर उपकार केले. प्रत्यक्षात जे कमी केलेलं असतं, ते त्याला दिसत नाही एवढंच.

'चार वायरी' म्हणजे नेमकं काय

फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनं फ्युएगो नावाच्या गाडीला १९८२ मध्येच रिमोट लॉक दिलं होतं. आपल्याकडं मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, पण ती हातानं लॉक करायची साधी गाडी. म्हणजे तिच्या दारात मोटर बसेल असा विचार करून जागा ठेवलेली नाही. पद्मिनी आणि जीपची गोष्ट तर त्याहून जुनी. ती जागा आपल्याला शोधावी लागते.

चार दारांच्या साध्या किटमध्ये चार मोटरी येतात. ड्रायव्हरच्या दाराची पाच वायरींची, बाकी तीन दोन-दोन वायरींच्या. एक कंट्रोल युनिट, लोखंडी सळ्या, पट्ट्या आणि दोन रिमोट. बसवताना मी हा क्रम पाळतो:

१. आधी कुलूप, मग मोटर. दाराचं पॅड काढून जुनं लॉक स्वच्छ करा, ग्रीस लावा. हातानं जे लॉक जड चालतं, ते मोटरनं कधीच नीट चालणार नाही. मोटर जळेल आणि बोल तुम्हाला लागेल.

२. व्होल्ट आणि अर्थिंग मीटर लावून बघा. किट १२ व्होल्टचं असतं. फार जुन्या काही गाड्या ६ व्होल्टच्या असतात, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला सापडतो. न बघता जोडलं तर युनिट पहिल्याच मिनिटाला गेलं म्हणून समजा.

३. काच पूर्ण खाली-वर करून बघा. मोटर किंवा सळी काचेच्या वाटेत आली तर आज नाही, पावसाळ्यात रबर फुगल्यावर अडकेल.

४. दार आणि बॉडी यांच्या मधली वायर रबरी नळीतूनच न्या. दार दिवसातून वीस वेळा उघडतं. पत्र्याच्या धारेवर घासून वायर उघडी पडली की शॉर्ट.

५. बॅटरीजवळ फ्यूज लावा. जुन्या गाडीचं वायरिंग आधीच कडक झालेलं असतं. मूळ वायरिंग कापू नका. नवी लाईन वेगळी ओढा, म्हणजे उद्या गिऱ्हाइकाला किट काढायचं झालं तर गाडी होती तशी परत मिळेल.

६. दाराचा स्विच. यावर आणखी काय बोलू!

७. शेवटी, गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजा. समजा युनिट २० मिलिॲम्पियर खातंय. दिवसाला जवळपास अर्धा ॲम्पियर-तास, महिन्याला १४ च्या वर. ३५ ॲम्पियर-तासांची बॅटरी असेल तर चाळीस टक्के नुसती उभ्या उभ्या गेली. रोज फिरणाऱ्या गाडीला काही होत नाही. महिन्यातून एकदा निघणाऱ्या हौशी गाडीची बॅटरी झोपणारच. अशा गिऱ्हाइकाला बॅटरीचा कट-ऑफ स्विच किंवा चार्जर सुचवा आणि कारण समजावून सांगा.

हे सगळं धरून पाच तास लागतात. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक टप्प्याचे मोबाईलवर फोटो काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. काकांचं 'चार वायरी' हे वाक्य त्या फोटोंनंतर परत ऐकायला मिळालेलं नाही.

कुठं 'नाही' म्हणायचं

धंद्यात नवीन असताना आलेलं काम सोडवत नाही, हे मला माहीत आहे. तरी चार गोष्टींना मी हात लावत नाही.

*चावीचं कुलूप काढून टाकणं.* जीप मॉडिफाय करणारी पोरं म्हणतात, हँडल, कुलूप सगळं काढा, दार एकदम प्लेन दिसू दे. बॅटरी उतरली तर आत जाणार कसे? निदान एका दाराला चालू चावी राहिलीच पाहिजे. नाही पटत, तर काम दुसरीकडं.

*जुन्या गाडीला बटण स्टार्ट.* दार रिमोटनं उघडणं वेगळं आणि इंजिन बटणानं चालू करणं वेगळं. स्टिअरिंगचं लॉक चावीशी जोडलेलं असतं. बटण लावायचं तर ते लॉक काढावं लागतं, म्हणजे चोराची सोय. आणि अर्धवट काढलं, तर चालत्या गाडीत स्टिअरिंग अडकायची भीती.

*फिक्स कोडचा रिमोट.* स्वस्त रिमोट दर वेळी तोच कोड सोडतो. तो कुणी हवेतून पकडून परत सोडला तर गाडी उघडते. रोलिंग कोडचा रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो. तोही अभेद्य नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानं छोट्या यंत्रानं तो फसवून दाखवला होता. पण म्हणून दार सताड उघडं ठेवायचं का? माल घेताना रोलिंग कोड आहे असं बिलावर लिहून घ्या.

*पन्नाशी उलटलेली गाडी कापणं.* २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले, त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. अशा गाडीला मी एक भोक पाडत नाही. जुन्याच भोकांत पट्टी बसत असेल तर करतो, नाहीतर हात जोडतो. साध्या गाडीला लॉक बसवल्यानं आरसी बुकातलं काही बदलत नाही. पण मॉडिफिकेशनची कामं घेणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून ठेवा.

आणि एक, खोटं बोलून विकू नका. "याच्यानं इन्शुरन्स कमी होईल" असं सर्रास सांगितलं जातं. चोरीविरोधी यंत्राची सवलत मिळते ती पुण्याच्या एआरएआयनं मान्य केलेल्या यंत्राला. साधं रिमोट लॉक त्यात येत नाही.

आता हिशोब

वही घ्या. समजा दुकानाचं भाडं ८,०००, मदतनिसाचा पगार १४,०००, लाईट-फोन-हत्यारं ३,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार २०,०००. हो, स्वतःचा पगार लिहायचाच! एकूण ४५,०००. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. त्यातले प्रत्यक्ष पैसे मिळणारे तास धरा १२०. बाकीचा वेळ माल आणण्यात, चौकशांमध्ये, वाट बघण्यात जातो. ४५,००० भागिले १२०, म्हणजे तासाला ३७५ रुपये नुसता खर्च.

पाच तासांच्या कामाचा खर्च झाला १,८७५. किट १,५०० ला आणून १,८०० ला दिलं, ३०० सुटले. फिटिंगचे ५०० घेतले. हातात आले ८००. म्हणजे प्रत्येक गाडीमागं तुम्ही खिशातून १,०७५ घातले, वर गिऱ्हाइकाला चहा पाजला.

तेच फिटिंगचे २,२०० घ्या. गिऱ्हाइकाला सगळं मिळून ४,००० पडतं. खर्च जाऊन ६२५ उरतात. त्यात वर्षभराची फिटिंगची गॅरंटी द्या आणि बिलावर लिहून द्या. गिऱ्हाईक स्वतःचं ऑनलाइन किट घेऊन आला तरी फिटिंग तेवढंच. किटची गॅरंटी त्याची, कामाची माझी, हे आधी बोलून घ्यायचं. जाता जाता, तुम्ही माल आणि सेवा दोन्ही देता, त्यामुळं आपल्याकडं जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख धरायची. ४० लाखांची सवलत फक्त माल विकणाऱ्यांना आहे.

"सर, पण मंचरला एवढे कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे. शेजारी कुणीतरी पाचशेत बसवून देणार, आणि काही गिऱ्हाइकं तिकडं जाणारच. माझीही जातात. ज्याची गाडीच साठ हजारांची आहे त्याला चार हजार जड वाटले तर तो कंजूष ठरत नाही.

अशा माणसाला मी दुसरा रस्ता देतो. काका, रिमोट राहू द्या. लॉक साफ करून ग्रीस करतो, दुसरी चावी बनवून घ्या आणि ती घरात न ठेवता पाकिटात ठेवा. दोन-तीनशेत काम होतं. काका खूश होऊन जातात, आणि वायरिंगचं काम निघालं की माझ्याकडंच येतात. गरज नसताना विकलं नाही, हे माणूस विसरत नाही.

नवीन असताना नाव नसतं, तेव्हा सुरुवातीला कमी पैसे घ्यावे लागतील, तेही मान्य. पण कमी करायचं ते बिलात, कामात नाही. बिलावर लिहा: फिटिंग २,२००, ओळखीची सूट ७००. म्हणजे पुढच्या वेळी खरा रेट काय, हे त्यालाही माहीत आणि तुम्हालाही.

या आठवड्याचं काम

दहा किटची ऑर्डर देऊ नका. एकच घ्या. स्वतःच्या किंवा घरच्या कुठल्याही जुन्या गाडीला बसवा. घड्याळ लावून किती तास गेले ते लिहा, मग वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. बसवून झालं की चावी खिशात ठेवा, रिमोटनं उघडा, दार उघडून परत लावा आणि मिनिटभर शांत उभे राहा. लॉक पडलं तर स्विचची वायर राहिलीय. ती जोडल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही.

त्या ८०० चे मालक अजून माझ्याकडं येतात. मुलगी आता शाळेत जाते. गाडीत बसायच्या आधी ती वडिलांच्या हातात चावी आहे का ते बघते. तिला ती सवय माझ्यामुळं लागली, आणि प्रत्येक गाडी देण्याआधी दारापाशी मिनिटभर उभं राहायची सवय मला तिच्यामुळं.

तुमचा हिशोब मांडून झाला की पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन घेऊन बोलू.